शाळेतल्या बाई पोरांना खातात म्हणे! (सिम्पसन्सचे हॅलोविन स्पेशल)

चिंचेची_चटणी (धागाकर्ती)

काल रात्री आमच्याकडे जी रडारड झाली त्यावरून हा धागा काढतेय, आधी कुणी काढला असेल तर अॅडमिननी खुशाल उडवावा.

आम्ही न्यू जर्सीत, लेक तिसरीत, वय वर्षं ८. ऑक्टोबर लागला की इथे प्रत्येकाच्या अंगणात सांगाडे आणि थडगी उगवतात त्यामुळे भुताखेतांची तिला तशी सवय आहे, समोरच्यांच्या सांगाड्याला ती रोज बसला जाताना गुड मॉर्निंग म्हणते. तर नवऱ्याने धोशा लावला होता की मी पुण्यात स्टार वर्ल्डवर जे बघत मोठा झालो ते पोरीला दाखवणार म्हणजे दाखवणार. ते म्हणजे सिम्पसन्स या अमेरिकन कार्टून मालिकेचे हॅलोविनचे भाग, ट्रीहाउस ऑफ हॉरर. मी म्हटलं कार्टूनच तर आहे, बघा काय ते, आणि पोळ्या लाटायला गेले.

त्याने नेमका पाचवा काढला, १९९४ चा. तीन गोष्टी असतात प्रत्येक भागात. पहिल्या दोन ठीक गेल्या, तिसरीत शाळेतले मास्तर आणि बाई शिक्षा झालेल्या पोरांना एकेक करून कॅन्टीनमध्ये शिजवून खातात! जिम्बो नावाच्या दांडगट पोराचं 'स्लॉपी जिम्बो' करून वाढतात, एक जाडा जर्मन मुलगा आहे त्याचं कसलंसं जर्मन पक्वान्न. लेक आधी हसत होती, मग गप्प झाली, मग उशी तोंडावर. आणि शेवटी कळतं की ते सगळं स्वप्न होतं, हुश्श म्हणेपर्यंत खिडकीतून धुकं येतं आणि घरातली सगळी माणसं उलटी होतात, म्हणजे पायमोजा उलटा करतो तशी, कातडी आत आणि आतडी बाहेर, आणि तशीच ओळीत उभी राहून नाचतात. तिथे हिने भोकाड पसरलं आणि हा माणूस शेजारी बसून खो खो हसतोय!

रात्री आमच्यामध्ये झोपली. सकाळी पहिलं वाक्य, मला स्कूल लंच नको. शुक्रवारी मेनूत स्लॉपी जो (खिम्याचं सँडविच) आहे.

तर प्रश्न असा की तुम्हाला हे बघून हसू आलं होतं की भीती वाटली होती? आणि पोरांना कितव्या वर्षी दाखवलंत?

रिकामा_न्हावी

पोरगी शहाणी आहे. स्कूल लंच कुणालाच नको असतं.

मीनाक्षी_डोंबिवली

रुमाल टाकून ठेवते, सावकाश वाचायला. पायमोजा वाचून खिक्क झालं.

ठाणे_जलद

ताई, तुम्हाला धोक्याची सूचना मिळाली होती, तुम्ही पोळ्या लाटत होतात :)

पहिला हॅलोविन स्पेशल आला २५ ऑक्टोबर १९९० ला. त्यात सुरुवातीलाच मार्ज, म्हणजे सिम्पसन्स घरातली आई, पडद्यासमोर येऊन सांगते की बाई मी यातून हात झटकलेत, भाग फार भयंकर आहे, घरात हळवी पोरं असतील तर उद्या आम्हाला रागाची पत्रं लिहीत बसण्यापेक्षा आज त्यांना लवकर झोपवा. १९३१ च्या फ्रँकेन्स्टाइनच्या सुरुवातीला एक गृहस्थ असेच येऊन बजावतात, त्याची नक्कल. पुढच्या वर्षी तीच मार्ज परत येते आणि म्हणते, गेल्या वर्षी सांगितलं होतं, ऐकलंत का, नाही, या वर्षी तर आणखी वाईट आहे, जाऊ दे, बघा. तिसऱ्या वर्षी बाप, होमर, येतो आणि बघणाऱ्यालाच भित्रा म्हणून हिणवतो, तर समोरून टीव्हीच बंद होतो. म्हणजे घरात बसलेल्या माणसाने बंद केला!! आणि तुम्ही बघितला त्या पाचव्यात मार्ज सांगते की हा भाग इतका भीतीदायक आहे की संसदेने दाखवायला मनाई केलीय, त्याऐवजी जुना पिक्चर बघा.

हे शेवटचं नुसतं गंमत म्हणून नाहीये. तेव्हा अमेरिकेत टीव्हीवरच्या मारामारीवरून पुढारी मंडळी पेटलेली होती आणि सिम्पसन्समधलं ते उंदीर-मांजराचं रक्तबंबाळ कार्टून कमी करा म्हणून दबाव होता. तेव्हाचा प्रमुख डेव्हिड मर्किन, त्याने ठरवून या भागात जमेल तेवढं रक्त आणि आतडी घातली. पाहुणे आलेत ओरडू नको म्हटलं की पोरगं मुद्दाम गच्चीवर जाऊन ओरडतं ना, तसला प्रकार आहे हा.

खडूस_काकू

जलदराव, माहिती छान आहे पण त्या ८ वर्षांच्या मुलीने पत्र कुणाला लिहायचं?

रंगीत चित्रं हलली की ते मुलांचं, हा गैरसमज आपल्याकडे फार पक्का आहे. मी ३० वर्षं शाळेत शिकवलं. मुलं राक्षसाला घाबरत नाहीत हो, राक्षस गोष्टीतच राहतो. ज्या बाईंच्या हातात रोज डबा देतो, ज्यांना विचारून शू ला जातो, त्या बाई सुरी घेऊन आल्या की घाबरतात. ही गोष्ट लिहिणाऱ्याला ते नीट माहीत होतं, म्हणून तर ती जमलीय. पण ती मोठ्यांसाठी जमलीय.

पन्हाळ्याची_वाट

काकूंना बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). पण काकू, ३० वर्षांत एकदाही एखादं पोरगं शिजवावंसं वाटलं नाही?

खडूस_काकू

रोज. सातवी ब.

चटणीचा_नवरा

नमस्कार. खास बाजू मांडायला आयडी काढलाय, आजच मंजूर झाला. मी तो शेजारी बसून खो खो हसणारा माणूस.

मी पोरांना शिजवण्यावर हसलो नाही. तीनही गोष्टींमध्ये शाळेचा माळी विली मोठ्या आवेशात वाचवायला येतो आणि तीनही वेळा पाठीत कुऱ्हाड खाऊन पडतो. पहिल्यांदा होमर मारतो, दुसऱ्यांदा छोटी मॅगी, तिसऱ्यांदा प्रिन्सिपल. तिसऱ्यांदा पडताना तो स्वतःच वैतागून म्हणतो की हे मला काही जमत नाही बुवा. मी १९९० च्या दशकापासून त्या कुऱ्हाडीला हसत आलोय आणि काल माझ्याच पोरीने मला 'बाबा तू पण बॅड आहेस' म्हटलं. न्याय मिळावा.

चिंचेची_चटणी

आलास का इथेपण. भांडी घासायची राहिलीत.

रिकामा_न्हावी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

तांबडा_पांढरा

आमच्या कोल्हापुरात केबलवर स्टार वर्ल्ड यायचं कधी यायचं नाही, पण आलं की मी आणि चुलतभाऊ आवाज बारीक करून बघायचो कारण आजोबा शेजारच्या खोलीत. इंग्लिश निम्मं कळायचं न्हाई. आता खरी गोची काय झाली सांगतो भावांनो, ह्या भागांत सगळ्या जुन्या भीतीच्या पिक्चरांच्या नकला असतात आणि आम्ही नक्कल आधी बघितली, अस्सल नंतर. अमेरिकेतल्या माणसानं द शायनिंग आधी बघितलेला, मग त्याला होमर वेडा झाला की हसू यायचं. आम्हाला वाटायचं ही गोष्टच ह्यांची, भारी लिवलीय. टीव्ही आणि बिअर नाही म्हणून माणूस कुऱ्हाड घेऊन बायकोमागं लागतो, पटतंय की, आमच्या गल्लीत होता एक.

मग इंजिनिअरिंगला सांगलीत हॉस्टेलवर पोरांनी शायनिंग लावला. सगळे घामाघूम होऊन बघत्यात आणि लिफ्टमधनं रक्ताचा लोंढा बाहेर आला की मी फुटलो. कारण सिम्पसन्समध्ये तोच लोंढा येतो आणि म्हातारा बर्न्स शांतपणे म्हणतो, नवल आहे, एरवी रक्त दुसऱ्या मजल्यावर उतरतं. पोरांनी मला बाहेर काढलं राव. पुढं ट्वायलाइट झोनचे जुने काळे-पांढरे भाग बघितले तिथं पण तेच, विमानाच्या पंखावर ते भूत बसलंय आणि मला होमरच्या पोराची, बार्टची स्कूल बस दिसतीय. माझी भीतीच खाल्ली ह्या लोकांनी. अजूनबी अस्सल भीतीचा पिक्चर मला पुरा लागू पडत नाही.

मीनाक्षी_डोंबिवली

तांबडा पांढरा, दंडवत घ्या __/\__ 'रक्त दुसऱ्या मजल्यावर उतरतं' हे आता ऑफिसच्या लिफ्टमध्ये आठवणार.

वेंगुर्ल्याचा_बांगडो

हसायचं की घाबरायचं असा प्रश्नच मला कळला नाही. आमच्याकडे दशावताराला दोन्ही एकदम करायची पद्धत आहे.

जत्रेत रात्री उशिरा आडदशावतार सुरू होतो त्यात संकासुर येतो. काळे कपडे, काळा टोप, आणि बोलायला लागला की अस्सल मालवणीतून भटजीची टर उडवतो. वेद चोरणारा राक्षस आहे तो, विष्णू मारतो त्याला शेवटी, पण तोपर्यंत अख्खी जत्रा त्याच्यावर हसत असते. आणि तोच संकासुर मांडवातून फिरत पुढच्या ओळीतल्या पोरांकडे वाकला की आम्ही आईच्या पदरात. मी ५ वर्षांचा असताना ओला झालो होतो, सांगायला लाज नाही. वर आजी वर्षभर पुरवून वापरायची, 'गप जेव, नायतर संकासुर येतलो'. दुसऱ्या वर्षी परत पुढच्याच ओळीत बसायचा हट्ट.

तेव्हा ताई, पुढच्या ऑक्टोबरला लेक स्वतःहून मागते की नाही बघा.

फोंडेकर

अगदी. आमच्या गोव्यात नरकासुराची तीच गत, रात्रभर त्याच्यापुढे नाचायचं आणि पहाटे जाळायचा. २०२४ ला तर नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले होते, ३१ ऑक्टोबर. टोरांटोतल्या माझ्या भाचरांनी सकाळी उटणं लावून अंघोळ केली आणि संध्याकाळी तोंडाला हिरवा रंग फासला. बहीण म्हणाली, उटणं फुकट गेलं.

गणिताचा_तास

इथे कुणी सहाव्या भागाचं नावच काढलं नाही म्हणून लिहितो. १९९५, त्यातली तिसरी गोष्ट. होमर मेहुण्यांना टाळायला पुस्तकांच्या कपाटामागे लपतो आणि थेट तिसऱ्या मितीत पडतो, म्हणजे चपटा माणूस एकदम गोल गरगरीत होतो. तेव्हा टीव्हीवर असलं संगणकी चित्रण बघायला मिळत नव्हतं, पूर्ण लांबीचा पहिला संगणकी चित्रपट थिएटरात यायला अजून तीनेक आठवडे होते. लोक भूत बघून नाही, होमरच्या पोटाची गोलाई बघून आ वासून बसले.

पण खरी मजा मागे आहे. होमरच्या पाठीमागे हवेत आकडे तरंगत जातात, त्यात एक समीकरण दिसतं: १७८२ चा १२ वा घात अधिक १८४१ चा १२ वा घात बरोबर १९२२ चा १२ वा घात. आता फर्माचं म्हणणं होतं की दोनपेक्षा मोठ्या घाताला असं पूर्णांकात कधी जुळतच नाही, आणि साडेतीनशे वर्षांनी अँड्र्यू वाइल्सने ते सिद्ध करून त्याच वर्षी, म्हणजे १९९५ ला छापलं होतं. मग हे काय? लोकांनी कॅल्क्युलेटर काढले, १० आकडी कॅल्क्युलेटरवर उत्तर चक्क बरोबर येतं! डेव्हिड कोहेन नावाच्या लेखकाने प्रोग्रॅम लिहून हे जवळपास जुळणारं त्रिकूट शोधलं होतं, फक्त लोकांची झोप उडवायला.

माझी इंजिनिअरिंगची एक रात्र त्यात गेली आणि मग रूममेट, जो गणितात नापास होता, तो दात घासता घासता म्हणाला, अरे पहिला आकडा सम, दुसरा विषम, बेरीज विषम यायला पाहिजे, तुझं उत्तर सम आहे. संपलं. मला अजून त्या ब्रशचा रंग आठवतो. सिम्पसन्सच्या हॅलोविनमध्ये मी खरा घाबरलो तो तेव्हा.

ठाणे_जलद

मास्तर, मोदक घ्या! आत्ता फोनवर करून बघितलं, खरंच १९२२ येतंय. सम विषम सुचलं नसतं बापजन्मात.

अर्धवट_राव

सगळे जुन्याच भागांवर गळे काढतायत. मी २००१ चा, मला हे सगळे भाग हॉटस्टारवर एका ओळीत भेटले, जुने नवे असं काही नव्हतं. खरं सांगू, २०२२ च्या ३३ व्या भागातलं डेथ नोट या जपानी कार्टूनचं विडंबन तुमच्या शायनिंगपेक्षा सरस आहे. पूर्ण अॅनिमेच्या ढंगात काढलंय, होमरच्या लेकीला, लिसाला, ती माणसं मारणारी वही सापडते आणि ती माणसं मारायला लागते, रेषा पण तशाच, सावल्या पण तशाच. माझ्या अख्ख्या ग्रुपने बघितलं कारण मूळ डेथ नोट सगळ्यांनी बघितलेलं. म्हणजे तांबडा पांढरा म्हणतायत तेच, फक्त आमच्या वेळेला अस्सल आधी आलं. तुमच्या पिढीला जे जमलं नाही ते आम्हाला जमलं :D

पन्हाळ्याची_वाट

पहिले दहा भाग सोडले तर बाकी सगळा पाट्या टाकायचा कार्यक्रम आहे. ३३ वा मी पाच मिनिटांत बंद केला. आजवरचा सर्वात भिकार.

अर्धवट_राव

बघा, आले सिम्पसन्समधले कॉमिक बुक गाय. काका, 'आजवरचा सर्वात भिकार भाग' हे वाक्य त्यांनी त्या पात्राच्या तोंडी १९९७ लाच घातलंय, इंटरनेटवर हेच लिहीत बसणाऱ्यांवरून. तुम्ही आत्ता त्यांच्याच स्क्रिप्टमधला डायलॉग मारलात.

पन्हाळ्याची_वाट

काका कुणाला म्हणतोस रे. (पण हे लागलं.)

उसळमिसळ

बे एरियातून. नव्या-जुन्याचं सोडा, मला राग यायचा तो तारखेचा. इथे आले २००० च्या आसपास, तेव्हा ज्या चॅनलवर सिम्पसन्स त्याच चॅनलवर ऑक्टोबरात बेसबॉलची वर्ल्ड सिरीज, त्यामुळे हॅलोविनचा भाग हॅलोविन होऊन गेल्यावर यायचा. २००० ला १ नोव्हेंबर, २००१ ला ६ नोव्हेंबर! दिवाळी अंक तुळशीच्या लग्नानंतर हातात पडावा तसं. अंगणातले भोपळे सडायला लागलेले, कॅंडी निम्म्या भावात, आणि आम्ही भुतं बघतोय. ऑफिसातले अमेरिकन पण वैतागायचे. २००३ ला शेवटी त्यांनी स्वतःच कबूल केलं, ते दोन हिरवे एका डोळ्याचे परग्रहवासी, कँग आणि कोडोस, सुरुवातीला येऊन खिदळतात की नोव्हेंबरात हॅलोविन कसला दाखवताय, आमच्या घरी तर ख्रिसमसची सजावट झाली. मधलं २००९ सोडलं तर दशकभर चाललं हे, २०११ ला परत ऑक्टोबरात आले.

रिकामा_न्हावी

कँग कोडोस आले की मला १९९६ चा भाग आठवतो. दोघे क्लिंटन आणि डोलचं रूप घेऊन निवडणूक लढवतात, लोकांना कळतं की दोन्ही उमेदवार परग्रहावरचे किडे आहेत, तरी म्हणतात दोघांपैकीच एकाला द्यावं लागणार. मग गुलामीत राबताना होमर म्हणतो, मला बोल लावू नका, मी कोडोसला मत दिलं होतं. आमच्या सोसायटीच्या निवडणुकीनंतर मी हे वाक्य पाण्याच्या टाकीपाशी म्हटलं होतं, कुणी हसलं नाही.

तांबडा_पांढरा

सोसायटी कशाला, आपल्या राज्यातच

संपादक_मंडळ

धागा भुतांचा आहे, राजकारण नको. पुढचे प्रतिसाद उडवले जातील.

तांबडा_पांढरा

भुतांबद्दलच लिहिणार होतो साहेब.

साबुदाणा_वडा

सगळे एवढं कौतुक करताय तर अपूचा, म्हणजे सिम्पसन्समधल्या क्विकी मार्टवाल्या भारतीय दुकानदाराचा, विषय कुणीच कसा काढला नाही? मी इथे हायस्कूलला होते तेव्हा हॅलोविनला एका मुलाने माझ्यासमोर अपूचा आवाज काढून 'थँक यू कम अगेन' केलं होतं, माझ्या बाबांचं दुकान पण नव्हतं, ते सिव्हिल इंजिनिअर. त्या दिवशी सगळे हसले आणि मी पण हसले. तेच आता आठवलं की राग येतो, त्याच्यावर नाही, माझ्यावर. २०२० ला अपूला आवाज देणाऱ्या हँक अझारियाने तो आवाज सोडला तेव्हा माझ्या मराठी मैत्रिणीच म्हणाल्या, काय गं, एवढ्या तेवढ्यावरून. मी अजूनही हॅलोविनचे भाग बघते, आवडतात. पण क्विकी मार्ट आलं की पोटात गोळा येतो तो येतोच.

खडूस_काकू

साबुदाणा, लिहिलंस ते बरं केलंस. हसण्याबद्दल स्वतःवर चिडू नकोस, सगळा वर्ग हसत असताना एकटीने न हसणं मोठ्यांनाही जमत नाही.

उसळमिसळ

+१. माझ्या मुलाला पण ऐकावं लागलंय. यावर वेगळा धागा काढ, इथे वाहून जाईल.

ठाणे_जलद

मूळ प्रश्नाकडे. ताई, लेकीला पहिला भाग दाखवा, १९९० चा. रक्त जवळजवळ नाही. बार्ट आणि लिसा झाडावरच्या घरात बसून एकमेकांना गोष्टी सांगतात, होमर खाली लपून ऐकतो. परग्रहावरचे लोक भरपूर खायला घालतात तेव्हा लिसाला एक पुस्तक सापडतं, 'माणसं कशी शिजवावीत', मग त्यावरची धूळ फुंकली की नाव बदलतं, परत फुंकली की परत बदलतं. शेवटी निघतं की ते बिचारे खरंच पाहुणचार करत होते, आपणच संशय घेऊन घालवलं.

तिसरी गोष्ट म्हणजे एडगर अॅलन पोची द रेव्हन ही कविताच आहे, जेम्स अर्ल जोन्सच्या धीरगंभीर आवाजात. मध्येच बार्ट कुरकुरतो की यात घाबरण्यासारखं काय आहे, तर लिसा म्हणते १८४५ ची आहे, तेव्हाची माणसं लवकर घाबरत असतील. कार्टूनमध्ये कविता लोकांना झेपेल का म्हणून सिम्पसन्सचा जनक मॅट ग्रेनिंगलाच धाकधूक होती म्हणे. आणि शेवट बघा फक्त: पोरं गाढ झोपतात, घाबरून जागा राहतो तो बाप.

चटणीचा_नवरा

हा टोमणा आहे का?

चिंचेची_चटणी

सगळ्यांना धन्यवाद, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. साबुदाणा, तुझं वाचून खूप वेळ काही लिहिता आलं नाही गं.

अपडेट: शनिवारी दुपारी, उजेडात, पडदे उघडे ठेवून पहिला भाग बघितला. यावेळी मी पण बसले, पोळ्या नंतर. धूळ फुंकायच्या जागी लेक इतकी हसली की तीनदा मागे घेऊन दाखवावं लागलं, मग घरातल्या सगळ्या पुस्तकांवर फुंकर मारत फिरली, रुचिरावर पण. कावळ्याच्या कवितेला कंटाळली, म्हणाली हा पक्षी एकच शब्द का बोलतोय, याला दुसरं येत नाही का. रात्री आपल्या खोलीत झोपली.

काकू, तुमचं ते बाईंच्या हातात डबा देण्याचं वाचून मी तिला विचारलं की तुझ्या बाईंची भीती वाटते का. म्हणाली, छे, मिसेस आमच्या व्हेजिटेरियन आहेत.

पण स्कूल लंच बंद ते बंदच. स्लॉपी जो चा शुक्रवार गेला तरी ऐकायला तयार नाही. रोज सकाळी साडेसहाला पोळी-भाजीचा डबा, आणि तो कोण करतंय ते इथल्या एका नव्या आयडीला विचारा.

चटणीचा_नवरा

आज भेंडी होती.